निओबियम-डोप्ड टायटॅनियम डायऑक्साइड आणि कोबाल्ट-डोप्ड मँगनीज डायऑक्साइड: दोन नॅनोपावडरींचे परीक्षण

धातूच्या ऑक्साइडमध्ये दुसऱ्या धातूचे थोडे अणू मिसळून, म्हणजेच डोपिंग करून बनवलेल्या नॅनोपावडरी आता संशोधनासाठी तयार बाटल्यांतून मिळतात. त्यांपैकी दोन आम्ही प्रयोगशाळेत सविस्तर वापरून पाहिल्या. पहिली निओबियम मिसळलेल्या, ॲनाटेस या स्फटिकरूपातल्या टायटॅनियम डायऑक्साइडची, लिथियम-आयन सेलच्या ॲनोडसाठी, म्हणजे चार्ज होताना लिथियम साठवणाऱ्या इलेक्ट्रोडसाठी. दुसरी कोबाल्ट मिसळलेल्या मँगनीज डायऑक्साइडची, लवचीक सुपरकपॅसिटरसाठी, म्हणजे प्रभार झटपट साठवून झटपट सोडणाऱ्या उपकरणासाठी. निष्कर्ष आधीच सांगतो. पहिली पावडर घेण्यासारखी आहे, मात्र तिच्यासोबत त्याच आकाराची, डोपिंग न केलेली पावडरही घेतली तरच. दुसरी पावडर म्हणून चांगली आहे. पण ज्या कामाचे नाव सांगून ती विकली जाते, त्या कामाला ती उपयोगी पडत नाही. दोन्ही बाटल्यांवरच्या माहितीत एक उणीव सारखीच होती: डोपंट, म्हणजे मिसळलेला धातू, किती घातला हे लिहिले होते, तो स्फटिकात कुठे बसला हे लिहिले नव्हते. या पावडरींची सगळी किंमत त्या दुसऱ्या गोष्टीवर ठरते, म्हणून परीक्षणाचा बराच भाग तिलाच दिला आहे.

टायटॅनियम डायऑक्साइड लिथियम साठवतो, पण वीज फार वाईट वाहून नेतो. स्फटिकातल्या चार संयुजेच्या टायटॅनियमच्या जागी पाच संयुजेचा निओबियम बसला की एक धन प्रभार जास्तीचा होतो आणि त्याचा तोल स्फटिकाला कसा तरी सांभाळावा लागतो. तो दोन प्रकारे सांभाळला जातो. भट्टीत हायड्रोजनसारखा क्षपण करणारा वायू असेल तर जास्तीचा इलेक्ट्रॉन स्फटिकातच राहतो, काही टायटॅनियम तीन संयुजेचा होतो आणि वाहकता खरोखर वाढते. भट्टीत साधी हवा असेल तर साधारण चार निओबियम अणूंमागे टायटॅनियमची एक जागा रिकामी सोडून स्फटिक तोच तोल साधतो. मग निओबियम पूर्णपणे स्फटिकात बसलेला असूनही मोकळे इलेक्ट्रॉन फारसे मिळत नाहीत आणि वाहकतेतली वाढ किरकोळ राहते. या दोन प्रकारे बनलेल्या पावडरींच्या बाटलीवर एकच नाव आणि एकच टक्केवारी छापता येते आणि दोन्ही ठिकाणी ती खरीच असते.

बाटली उघडल्यावर पावडरीचा रंग पाहणे ही म्हणूनच पहिली तपासणी. आमच्या बाटलीतली पावडर निळसर राखाडी होती. चिमूटभर पावडर काचेच्या पट्टीवर पसरून तिच्याशेजारी साधा पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड ठेवला की निळी झाक स्पष्ट दिसते. ती तीन संयुजेच्या टायटॅनियमची आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांची खूण आहे. हीच पावडर उघड्या भट्टीत चांगली तापवली की झाक फिकी पडते, कारण हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन काढून घेतो. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ओलावा घालवण्यासाठी पावडर ‘उच्च तापमानाला’ सुकवण्याची सूचना आहे, पण ती निर्वातात सुकवायची की हवेत, याचा उल्लेख नाही. ज्या गुणासाठी ही पावडर घ्यायची तोच गुण चुकीच्या सुकवणीने जाऊ शकतो, त्यामुळे ही त्रुटी मला गंभीर वाटते. आम्ही ती निर्वात ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सियसला सुकवली आणि रंग टिकला.

बाटलीवर ‘निओबियम ५ टक्के’ असे लिहिले आहे. हे पाच टक्के कशाचे? शंभर धातू-अणूंमध्ये पाच निओबियम असा अर्थ घेतला तर पावडरीच्या वजनात निओबियम सुमारे ५.७ टक्के भरतो. बनवताना वजनाने पाच टक्के निओबियम पेंटॉक्साइड घातला असेल, तर हिशेब करता शंभरातले जेमतेम तीन अणू निओबियमचे निघतात. पाच आणि तीन यांतला फरक इथे लहान नाही. प्रकाशित निष्कर्षांशी आपले निष्कर्ष ताडून पाहायचे असतील तर तो सगळा अर्थ बदलतो. पावडर आम्लात विरघळवून मूलद्रव्यांचे विश्लेषण करून घेतल्यावर आम्हाला दुसरा अर्थ बरोबर असल्याचे कळले. पत्राने विचारल्यावर विक्रेत्यानेही तेच सांगितले. उत्तर तत्परतेने आले ही चांगली गोष्ट, पण ते बाटलीवरच असायला हवे होते.

कणाच्या आकाराचेही तसेच आहे. बाटलीवर ‘२० नॅनोमीटर’ छापले आहे. ॲनाटेसची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ३.९ ग्रॅम असते. २० नॅनोमीटर व्यासाचे सुटे गोल कण धरले तर एका ग्रॅमचे पृष्ठफळ साधारण ७७ चौरस मीटर यायला हवे. नायट्रोजन शोषणाने मोजलेले पृष्ठफळ याच्या आसपास आले, तर कण खरोखर सुटे आहेत असे समजावे. ते १५ चौरस मीटरच्या घरात आले, तर स्फटिक २० नॅनोमीटरचे असूनही भट्टीत एकमेकांना चिकटून १०० नॅनोमीटरचे गठ्ठे झाले आहेत आणि इलेक्ट्रोलाइटला आतल्या कणांपर्यंत वाट नाही, असा त्याचा अर्थ. आमच्या पावडरीचे माप या दोन टोकांच्या मध्ये, पण पहिल्या टोकाकडे झुकलेले आले. ते मला समाधानकारक वाटते, कारण क्षपण करणाऱ्या वायूत इतके तापवूनही कण फारसे सांधले न जाणे सोपे नाही.

डोपंट स्फटिकातच बसला आहे की बाहेर वेगळा पडला आहे, हे क्ष-किरण विवर्तनाने पाहता येते. निओबियमच्या आयनाची त्रिज्या सुमारे ०.६४ अँगस्ट्रॉम आणि टायटॅनियमची ०.६०५, थोडा मोठा आयन आत शिरला की स्फटिकातल्या अणूंची जाळीदार मांडणी, म्हणजे जाल, किंचित ताणले जाते आणि ॲनाटेसची २५.३ अंशांजवळची मुख्य रेषा थोडी कमी कोनाकडे सरकते. हे सरकणे इतके बारीक असते की सोबत सिलिकॉनसारखे प्रमाण-द्रव्य मिसळून मोजले नाही तर नमुना ठेवण्यातली उंच-सखलताही डोपिंगसारखी भासते. आमच्या नमुन्यात रेषा सरकलेली होती आणि निओबियम ऑक्साइडची वेगळी रेषा दिसली नाही. ‘वेगळी रेषा दिसत नाही, म्हणजे डोपिंग पूर्ण’ हा युक्तिवाद मात्र अर्धवट आहे. एक-दोन टक्क्यांचे, तेही अस्फटिकी ऑक्साइड या पद्धतीत सहज लपून राहते. विक्रेत्याने माहितीपत्रकात केवळ तेवढाच आलेख छापला आहे. त्याच्या जोडीला पृष्ठभागावरच्या आणि आतल्या निओबियमचे प्रमाण दिले असते, तर दाव्याला वजन आले असते.

आता प्रत्यक्ष वापर. कार्बन ब्लॅक (वीज वाहणारी कार्बनची भुकटी) आणि बाइंडर (कण चिकटवणारा पदार्थ) घालून स्लरी, म्हणजे लेपाचा लगदा, करताना इतक्या मोठ्या पृष्ठफळाची पावडर द्रावक पिऊन टाकते. नेहमीच्या प्रमाणात द्रावक घातला तर लगदा पट्टीखालून नीट ओढला जात नाही. द्रावक वाढवला तर लेप सुकताना चिखलासारखा भेगाळतो. पावडर आधी बाइंडरच्या पातळ द्रावणात चांगली घोटून, मग कार्बन घालून आणि लेप पातळ ठेवून हे साधले. पण पातळ लेप म्हणजे त्याच धातूच्या पन्नीवर कमी सक्रिय द्रव्य, आणि सुट्या नॅनोकणांचा लेप दाबूनही फार घट्ट होत नाही. ग्रॅममागे मोजलेली क्षमता कितीही सुंदर दिसली, तरी लिटरमागे मोजलेली क्षमता इथेच हातची जाते. नॅनोपावडरींच्या जाहिरातीत हा दुसरा आकडा सहसा नसतो.

ॲनाटेसमध्ये प्रत्येक टायटॅनियममागे एक लिथियम शिरला तर ग्रॅमला ३३५ मिलीअँपिअर-तास क्षमता होते. प्रत्यक्षात साधारण निम्म्या जागा, म्हणजे १६८ मिलीअँपिअर-तासांच्या आसपास, भरतात आणि त्यापुढचे भरणे कणाच्या काही नॅनोमीटर जाडीच्या बाहेरच्या थरापुरते राहते. हळू चार्ज-डिस्चार्ज करताना डोप केलेल्या आणि न केलेल्या पावडरींत आम्हाला नाव घेण्यासारखा फरक दिसला नाही. तसेच असायला हवे, कारण डोपिंगने लिथियमच्या जागा वाढत नाहीत. प्रवाह वाढवत नेला तसा फरक उघड झाला: साध्या पावडरीची क्षमता झपाट्याने घसरली, निओबियमच्या पावडरीची बरीच टिकली, आणि चार्ज व डिस्चार्जच्या रेषांमधले व्होल्टेजचे अंतरही तिच्यात कमी राहिले. हे अंतर मला क्षमतेच्या आकड्याहून अधिक विश्वासाचे वाटते, कारण ऊर्जा उष्णतेत किती वाया जाते ते त्यातून थेट कळते.

असा फरक दिसला की सगळे श्रेय वाहकतेला देण्याचा मोह होतो आणि तिथेच थांबून विचार करावा लागतो. निओबियम घातल्याने भट्टीत ॲनाटेसचे कण वाढण्याचा वेग मंदावतो आणि ॲनाटेसचे रुटाइल या दुसऱ्या स्फटिकरूपात होणारे रूपांतरही लांबते. कण लहान राहिला की लिथियमला आतपर्यंत पोहोचायला कमी वेळ लागतो, आणि हा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. कण निम्मा झाला तर वेळ चौथाईवर येतो. म्हणजे जलद चार्जिंगमधली सुधारणा वाहकतेमुळे झाली की केवळ कण लहान राहिल्यामुळे, हे साध्या, मोठ्या कणांच्या पावडरीशी तुलना करून कळत नाही. त्याच आकाराची, त्याच भट्टीतून निघालेली, डोपंट नसलेली पावडर सोबत हवीच. विक्रेता अशी जोड वेगळी मागितल्यावर देतो. ती मूळ संचाचाच भाग असावी असे माझे आग्रहाचे मत आहे. या क्षेत्राने असा धडा आधी घेतलेला आहे. २००२ साली लिथियम लोह फॉस्फेटमध्ये निओबियमसारखे धातू घालून वाहकता सुमारे दहा कोटी पट वाढल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे इतर गटांनी कणांवर तयार झालेला कार्बन आणि धातूचे फॉस्फाइड यांच्या वाहक जाळ्याकडे बोट दाखवले आणि त्या वाढीत स्फटिकातल्या डोपंटचा वाटा किती, यावर मोठा वाद झाला. तो पदार्थ ऑक्साइड नसून फॉस्फेट आहे, पण प्रश्न तंतोतंत हाच आहे.

पावडरीची तिच्या खऱ्या प्रतिस्पर्ध्याशीही तुलना करायला हवी. ग्रॅफाइटची सैद्धांतिक क्षमता ३७२ मिलीअँपिअर-तास आहे आणि ते लिथियमच्या तुलनेत जेमतेम ०.१ व्होल्टवर काम करते; ॲनाटेस सुमारे १.७५ व्होल्टवर करतो, त्यामुळे पूर्ण सेलचे व्होल्टेज तितके कमी होते आणि ऊर्जेत हा ॲनोड ग्रॅफाइटच्या जवळपासही येत नाही. बदल्यात जलद चार्ज करताना पृष्ठभागावर लिथियम धातू साचण्याचा धोका टळतो. बाजारात आधीच रुळलेला लिथियम टायटनेट हाच फायदा १.५५ व्होल्टवर आणि १७५ मिलीअँपिअर-तासांवर देतो, शिवाय लिथियम आत-बाहेर करताना त्याच्या जालाचे आकारमान जवळजवळ बदलत नाही. निओबियम-डोप्ड ॲनाटेसने त्याला मागे टाकले असे आमच्या मोजमापांवरून म्हणता येणार नाही. डोपिंगचा परिणाम अभ्यासण्यासाठी मात्र ही पावडर अतिशय चांगला नमुना आहे, आणि तिची जाहिरात त्याच नात्याने व्हावी.

डोपिंग म्हणजे नेहमी वाहकताच, असेही नाही. निकेल ८०, कोबाल्ट १५ आणि ॲल्युमिनियम ५ या प्रमाणातल्या प्रसिद्ध कॅथोडमध्ये ॲल्युमिनियम स्वतः प्रभार साठवत नाही. तो थरांची रचना ढासळू देत नाही आणि उष्णतेत पदार्थ सांभाळतो. अँटिमनी मिसळलेला टिन (कथिल) ऑक्साइड आम्ही थोडक्यात पाहिला. गडद निळी, उत्तम वाहक पावडर आहे. पण लिथियम शोषताना कथिलाचे कण मूळ आकारमानाच्या तिपटीहून अधिक फुगतात आणि त्या फुगण्यावर अँटिमनीकडे उत्तर नाही. वाहक आधार म्हणून ती ठीक आहे, ॲनोड म्हणून घेऊ नये.

दुसरी मुख्य पावडर मँगनीज डायऑक्साइडची. सुपरकपॅसिटरसाठी उत्तम असलेला रुथेनियम ऑक्साइड महाग, म्हणून स्वस्त पर्यायाचा शोध सुरू झाला आणि १९९९ साली ली आणि गुडइनफ या संशोधकांनी पोटॅशियम क्लोराइडच्या साध्या द्रावणात अस्फटिकी मँगनीज डायऑक्साइडची सुमारे २०० फॅरड प्रति ग्रॅम धारिता (व्होल्टमागे प्रभार साठवण्याची क्षमता) दाखवली. एका मँगनीजमागे एक इलेक्ट्रॉन आणि सुमारे ०.८ व्होल्टचा विस्तार धरला तर सैद्धांतिक आकडा जवळपास १,४०० येतो. मधली प्रचंड दरी अशासाठी, की जाड थरात प्रभार केवळ पृष्ठभागालगत साठतो; आतल्या द्रव्यापर्यंत इलेक्ट्रॉनही पोहोचत नाहीत आणि आयनही. कोबाल्टने पहिली अडचण काहीशी कमी होते. दुसरी तशीच राहते.

पावडरीचा दर्जा चांगला आहे: तंतूसारखे सारखे कण, पाण्यात सहज विखुरणारे, साध्या पावडरीपेक्षा जलद चार्जिंगमध्ये स्पष्टपणे सरस. माहितीपत्रकात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि फॉस्फोरिक आम्लाच्या जेलसोबत वापरण्याची शिफारस केली आहे, ती मात्र स्वीकारू नये. मँगनीज डायऑक्साइड आम्लात टिकत नाही, हळूहळू विरघळतो. लिथियम क्लोराइडचे उदासीन जेल त्याला योग्य आहे.

खरी अडचण लवचीकतेची आहे आणि ती हिशेबाने समजते. अर्धा सेंटिमीटर त्रिज्येच्या नळीवर ०.४ मिलिमीटर जाडीची एकसंध पट्टी गुंडाळली तर तिच्या बाहेरच्या पृष्ठावर सुमारे ४ टक्के ताण येतो. ऑक्साइडचा ठिसूळ लेप त्याच्या कितीतरी आधी तडकतो. तीच पट्टी कार्बन कापडाची असेल तर प्रत्येक तंतू जेमतेम १० मायक्रोमीटर जाडीचा असतो, तंतू एकमेकांवरून सरकतात आणि एकेका तंतूच्या पृष्ठावरचा ताण ०.१ टक्क्याच्या आसपास राहतो. म्हणून ऑक्साइड तंतूच्या अंगावरच पातळ वाढलेला हवा. बाटलीतली पावडर बाइंडरने कापडावर थापली की ती तंतूंच्या मधल्या फटींत गोळे होऊन बसते आणि कापड वाकवताच पांढऱ्या कागदावर काळे कण पडतात. आमच्या मेजावर हेच झाले. उलट कार्बन कापड पोटॅशियम परमँगनेटच्या कोमट द्रावणात ठेवले तर कार्बन स्वतःच परमँगनेटचे क्षपण करतो आणि मँगनीज डायऑक्साइड तंतूवर थेट जमतो. द्रावणात कोबाल्टचा क्षार घालून डोपिंगही तिथेच करण्याच्या पद्धती आहेत. लवचीक उपकरणासाठी तयार पावडर विकत घेण्याचे कारणच मग उरत नाही.

या पावडरीच्या माहितीपत्रकात ‘४०० फॅरड प्रति ग्रॅम’ असे ठळक छापले आहे. तो आकडा तीन इलेक्ट्रोडच्या मांडणीतला, एकाच इलेक्ट्रोडचा आहे. दोन सारखे इलेक्ट्रोड जोडून उपकरण केले की एकूण सक्रिय द्रव्याच्या ग्रॅममागे धारिता चौथाई, म्हणजे १०० फॅरड उरते, ०.८ व्होल्टला ही ऊर्जा किलोग्रॅममागे ८.९ वॉट-तास होते. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक मिलीग्रॅम ऑक्साइड आणि त्याखाली दहा मिलीग्रॅम कापड असेल, तर ती ०.८ वॉट-तासांवर येते. यात जेल आणि आवरण अजून धरलेलेच नाही. गोगोत्सी आणि सिमोन या संशोधकांनी २०११ सालीच बजावले होते की पातळ थरांवर मोजलेले, केवळ सक्रिय द्रव्याच्या वजनाने भागलेले आकडे पूर्ण उपकरणाबद्दल दिशाभूल करतात. चौरस सेंटिमीटरमागची धारिता आणि लेपाचे वजन, एवढे दोन आकडे छापले असते तरी ग्राहकाला आपला हिशेब करता आला असता.

दोन्ही बाटल्यांची झाकणे घट्ट होती आणि आत दुहेरी पिशवी होती, हे चांगले. सुटी नॅनोपावडर तोलताना ती हवेत उडते, म्हणून वायुनिष्कासन कपाट आणि योग्य मुखपट्टी अनिवार्य आहे. श्वासातून जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘माणसात कर्करोग घडवू शकण्याची शक्यता’ या गटात केले आहे, आणि कोबाल्टच्या संयुगांशीही जपूनच वागायला हवे. सुरक्षापत्रके सोबत होती, पण त्यांत नेहमीच्या जाड भुकटीचाच मजकूर होता.

निओबियमची पावडर आम्ही पुन्हा मागवली आहे. या वेळी मागणीपत्रातच अणुप्रमाण, मोजलेले पृष्ठफळ, भट्टीतला वायू आणि त्याच खेपेची डोपंट नसलेली पावडर, या चार गोष्टी लिहून मागितल्या. पहिल्या तीन विक्रेत्याने लगेच मान्य केल्या. चौथीसाठी पुढच्या खेपेपर्यंत थांबावे लागेल असे त्याने कळवले आहे, आणि आम्ही थांबणार आहोत. मँगनीजची उरलेली पावडर सपाट, न वाकणाऱ्या सेलसाठी वापरत आहोत आणि तिथे ती चांगले काम करते.